नभोनाट्यातील पात्र आणि बदललेला आवाज

एकच भूमिका एका नटाकडून दुसऱ्याकडे जाते, हे मराठी रंगभूमीला नवे नाही. ‘नटसम्राट’मधील बेलवलकर प्रथम डॉ. श्रीराम लागू यांनी उभा केला. पुढे तो दत्ता भट यांनीही केला. परंतु रंगभूमीवर नट बदलला तरी वेषभूषा, नेपथ्य, हालचाली पात्राची ओळख सांभाळून धरतात. नभोनाट्यात असा आधार नाही. तेथे आवाज हेच पात्राचे शरीर. मग आवाज बदलल्यावर पात्राचे काय उरते?

या प्रश्नाच्या विचारासाठी डग्लस ॲडम्स यांची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही विज्ञानविनोदी नभोनाट्यमाला आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. बी.बी.सी.च्या रेडिओ ४ वरून ती ८ मार्च १९७८ रोजी सुरू झाली. दुसरी माला १९८० मध्ये संपली. तिसरी डर्क मॅग्ज यांच्या दिग्दर्शनाखाली २००४ मध्ये आली. सायमन जोन्स प्रभृती मूळ नट आपापल्या भूमिकांत परतले. परंतु ‘ग्रंथा’चे निवेदन करणारे पीटर जोन्स २००० मध्ये निवर्तले होते, त्यांच्या जागी विल्यम फ्रँकलिन आले.

हा बदल सामान्य नव्हे. येथे ग्रंथ हेच एक पात्र आहे, आणि विश्वाचा विनाशही शांतपणे सांगण्यात त्याचा विनोद आहे. पीटर जोन्स यांचा ग्रंथ स्वतःच्याच माहितीने किंचित चकित झाल्यासारखा बोले. फ्रँकलिन यांचा ग्रंथ सर्व काही ठाऊक असल्याच्या सफाईने बोलतो. विनोद उणावत नाही. त्याची जात मात्र बदलते. पूर्वी आपण ग्रंथाबरोबर हसत होतो, आता त्याच्या आत्मविश्वासाला हसतो. फ्रँकलिन यांनी नक्कल केली नाही, हे आम्ही त्यांचे श्रेय मानतो. नकलेने जुना आवाज परत येत नाही; त्याची उणीव मात्र प्रत्येक वाक्यात जाणवत राहते.

ॲग्राजॅग या पात्राबाबत मात्र दिग्दर्शकाने वेगळा मार्ग पत्करला. ॲडम्स २००१ मध्ये वारले होते. त्यांनी पूर्वी केलेल्या कादंबरीवाचनाच्या ध्वनिमुद्रणातून त्यांचाच आवाज या पात्राला दिला गेला. ॲग्राजॅग पुनःपुन्हा जन्मतो आणि दर वेळी नायकाच्या हातून अजाणता मरतो. दिवंगत लेखकाच्या मुखी अशा जीवाचे गाऱ्हाणे ऐकताना हसू येते, आणि ते मध्येच थबकते. तथापि समोरच्या नटाला प्रतिसाद न देणारे हे वाचन संवाद म्हणून थोडे सुटे पडते, हेही नमूद केले पाहिजे.

२०१८ च्या मालेत ग्रंथाचा आवाज जॉन लॉइड यांचा होता. पहिल्या मालेचे अखेरचे दोन भाग ॲडम्स यांच्यासह लिहिणारे तेच. ग्रंथ तिसऱ्या कंठातून बोलला, तरी तो ग्रंथच राहिला. कारण त्याची वाक्यरचना, त्याचे गंभीर मुद्रेने केलेले विषयांतर संहितेतच मुरलेले आहे.

म्हणून आमचे मत असे की, नभोनाट्यातील पात्राचे शरीर आवाजात असले, तरी त्याचा स्वभाव संहितेत वसतो. नव्या नटाची परीक्षा जुन्याशी असलेल्या साम्यावरून न करता, त्या स्वभावाचे कोणते अंग त्याने ऐकू आणले, यावरून करावी. आमच्या वर्गांतून श्राव्य नाट्याचा अभ्यास होईल तेव्हा ही कसोटी उपयोगी पडेल, अशी आम्हांस आशा आहे.