समवयस्कांची पसंती आणि किशोरींचे मनःस्वास्थ्य : ‘द अँक्शस जनरेशन’ची चिकित्सा

अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांचा ‘द अँक्शस जनरेशन’ हा ग्रंथ २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० ते २०१५ या काळात खेळावर आधारलेले बालपण स्मार्टफोनवर आधारलेले झाले आणि समाजमाध्यमांची झळ मुलांपेक्षा मुलींना अधिक बसली, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मुलींच्या परस्पर तुलनेचे विवेचन हे या ग्रंथाचे बलस्थान होय. इतरांशी तुलना करून स्वतःला जोखण्याची प्रवृत्ती लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच सिद्धांतरूपाने मांडली होती. तथापि पूर्वी या तुलनेला आकडा नव्हता. फेसबुकने २००९ मध्ये ‘लाइक’ची सोय केली आणि मैत्रिणींची पसंती मोजता येऊ लागली, तीही चारचौघांसमक्ष. लॉरेन शर्मन व सहकाऱ्यांच्या २०१६ मधील प्रयोगात १३ ते १८ वयोगटातील ३२ मुलामुलींना छायाचित्रे दाखविण्यात आली. त्यांखालील ‘लाइक’ची संख्या संशोधकांनीच ठरविली होती. तरीही स्वतःच्या छायाचित्राला अधिक पसंती दिसताच मेंदूतील पारितोषिकाशी निगडित भाग अधिक सक्रिय झाला. मोल छायाचित्राचे नव्हे, आकड्याचे ठरले.

मात्र येथूनच ग्रंथाची मर्यादा जाणवू लागते. कॅन्डिस ऑजर्स यांनी ‘नेचर’मधील परीक्षणात सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हा आक्षेप घेतला. आधीच खिन्न असलेली मुलगी समाजमाध्यमांकडे अधिक वळते, ही शक्यताही उरतेच. २०२१ मध्ये उघड झालेल्या फेसबुकच्या अंतर्गत पाहणीत स्वतःच्या शरीराविषयी वाईट वाटणाऱ्या किशोरींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ती भावना वाढते, असे सांगितले होते. हे सर्व मुलींचे प्रमाण नव्हे. आधीच दुखावलेल्या मनाची ती साक्ष आहे.

सोळाव्या वर्षापर्यंत समाजमाध्यमे नकोत, हा हाइट यांचा उपाय वयाची सीमा आखतो. प्रतिसादाचे स्वरूप मात्र त्यातून सुटते. रूपावरची कुचेष्टा आणि अडचणीत मिळालेला मैत्रिणीचा धीर या दोहोंना तो एकाच मापाने मोजतो. शिवाय चोरून खाते उघडलेली मुलगी शिक्षेच्या भीतीने आपला अपमान मोठ्यांपासून लपविण्याचा संभव अधिक. म्हणून मुलगी किती वेळ फोनवर होती, याबरोबरच तिला तेथे कोणी काय म्हटले, हेही विचारले गेले पाहिजे. हा प्रश्न ऐरणीवर आणण्याचे श्रेय हाइट यांचेच आहे. त्याचे उत्तर मात्र या ग्रंथात अपुरे राहिले आहे.