खाणपट्ट्याचा कायदा आणि विधी सेवेचा अर्थ : गोव्यातील लोहखनिज प्रकरणाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
खाण उद्योगाला विधी सेवा पुरविणाऱ्या वकील-संस्थांच्या कामाचे स्वरूप सर्वपरिचित आहे. खाणपट्ट्याची कागदपत्रे तपासणे, वन व पर्यावरणविषयक मंजुऱ्यांचे अर्ज तयार करणे, स्वामित्वधन व मुद्रांक शुल्काचे वाद चालविणे ही त्यातील प्रमुख कामे होत. अशिलाला किती अनुकूल निर्णय मिळाला, यावरून या सेवेची गुणवत्ता मोजण्याचा प्रघात आहे. हा निकष अपुरा आहे, हे गोव्याच्या उदाहरणावरून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या खाण-सवलती १९८७ च्या कायद्याने रद्द झाल्या आणि २० डिसेंबर १९६१ पासून त्यांना १९५७ च्या केंद्रीय खनिज कायद्याखालील खाणपट्ट्यांचे रूप मिळाले. कायमस्वरूपी मानलेला हक्क अशा रीतीने मुदतीच्या चौकटीत आला. हे मानीव पट्टे २२ नोव्हेंबर १९८७ रोजी आणि त्यांचे पहिले नूतनीकरण २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपुष्टात आले, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात स्पष्ट केले. तथापि २०१२ मध्ये स्थगिती येईपर्यंत उत्खनन चालूच होते. नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असल्याने मुदत आपोआप वाढते, हा खाणमालकांचा युक्तिवाद होता. दुसऱ्या नूतनीकरणाला असा मानीव लाभ मिळत नाही, त्यासाठी खनिज विकासाचे हित दाखविणारी कारणे शासनाने नमूद केली पाहिजेत, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला.

येथे एका शब्दाचा प्रश्न निर्माण झाला. नवे पट्टे द्यावेत, असा निकालाचा रोख होता. राज्य शासनाने मात्र ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सर्व नूतनीकरणे रद्द ठरविली व १६ मार्चपासून उत्खनन थांबविण्याचा आदेश दिला. 'नवा पट्टा' आणि 'नूतनीकरण' यांतील भेद केवळ शाब्दिक नव्हता. नव्या पट्ट्यासाठी नवी पर्यावरणीय मंजुरी लागते. नूतनीकरणात जुनाच हक्क पुढे सरकतो. पुढे एका कंपनीने १९८७ पासून पन्नास वर्षे, म्हणजे २०३७ पर्यंत, मुदत असल्याचा दावा केला. तोही २०२१ मध्ये फेटाळला गेला.

मुदतीच्या मर्यादेला वळसा घालणारा युक्तिवाद कितीही कुशल असला तरी त्याने अशिलाचे हित साधलेच असे म्हणता येत नाही. उत्खनन बंद पडले, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतील ट्रकमालक, यंत्रचालक व मजूर यांचा रोजगार गेला. खाणमातीने भरलेल्या शेतांचा व आटलेल्या विहिरींचा प्रश्न तर त्याहून जुना होता. 'हे कायद्यात बसत नाही' असे अशिलाला वेळीच सांगणे हीदेखील विधी सेवाच आहे. किंबहुना तिची खरी कसोटी तीच आहे.

दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो; तांत्रिक तपशिलाने भरलेला मूळ अहवाल समजून घेण्यास ग्रामस्थांना एवढाच अवधी असतो. त्यांच्या बाजूने तो वाचणारा वकील बहुधा नसतो. गोव्यात ही उणीव गोवा फाउंडेशनसारख्या संस्थेच्या याचिकांनी काही अंशी भरून काढली. पण प्रत्येक खाणक्षेत्राला अशी संस्था लाभत नाही.

निष्कर्ष :
खाण-सवलती रद्द करणारा कायदा १९८७ चा. विधी सेवा प्राधिकरण कायदाही १९८७ चाच. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, औद्योगिक कामगार व अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना मोफत विधी सेवेचा हक्क या दुसऱ्या कायद्याने दिला. 'विधी सेवा' हा शब्द वकील-संस्थेच्या पत्रकात आणि या कायद्यात एकच असला तरी दोहोंच्या पोहोचीत मोठे अंतर आहे. जनसुनावणीपूर्वीच ग्रामसभेला प्राधिकरणाचा वकील उपलब्ध झाला, तर हे अंतर कमी होऊ शकेल. विधी महाविद्यालयांच्या विधी सहाय्य केंद्रांनी अशा अहवालांचे मराठी व कोकणीतून वाचन हाती घेतल्यास आपल्या अध्यापनालाही त्यातून अर्थ प्राप्त होईल, असे वाटते.