जुना की मुरलेला?

टोरोंटोत स्पडायना अॅव्हेन्यूवरच्या चायनाटाउनमध्ये डिमसम खायला गेलात, तर एकदा मोगऱ्याच्या चहाऐवजी ‘पोलेई’ मागून बघा. किटलीतून कॉफीसारखा काळा चहा येईल. वास ओल्या मातीचा, जुन्या लाकडी कपाटाचा. पहिल्या घोटाला तुम्ही नाक मुरडाल. तिसऱ्या घोटापर्यंत जाणवेल, की इतक्या गडद चहात कडवटपणा जवळजवळ नाही आणि तेलकट घासानंतर तोंड स्वच्छ होतं आहे.

हा चीनच्या युन्नान प्रांतातला पू-अर. आपला नेहमीचा चहा पानातल्याच विकरांमुळे काळा होतो. पू-अर मुरवतात ते सूक्ष्मजीव. कच्च्या प्रकाराच्या, बहुधा ३५७ ग्रॅमच्या, चकत्या दाबून वर्षानुवर्षं ठेवतात. पक्का प्रकार १९७० च्या दशकातला: पानांचे ढीग ओले करून, झाकून, अधूनमधून उलटत काही आठवड्यांत मुरवतात. हॉटेलातला चहा बहुतेक हाच. घाईने केला असेल, तर त्याला माशासारखा वास येतो, आणि त्याचं कौतुक करायची काहीच गरज नाही.

माझी तक्रार मात्र कच्च्या प्रकाराच्या बाजाराबद्दल आहे. तिथे चवीपेक्षा वेष्टनावरचं साल विकलं जातं. साल जितकं मागचं, तितकी किंमत चढी. २००७ साली हे भाव फुगून कोसळले, तरी सालाचा मोह गेलेला नाही. इथे नक्कीच पाणी मुरतं!

मराठीला हा फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भाकरी शिळी होते, कापड जुनं होतं, लोणचं मुरतं. मुरायला नुसता काळ पुरत नाही. ओल, ऊब आणि योग्य बरणी लागते. हाँगकाँगच्या दमट गोदामात पू-अर लवकर मुरतो, पण ओल अति झाली तर बुरसटतो. टोरोंटोच्या हिवाळ्यात हीटरने कोरड्या झालेल्या घरात त्याचं मुरणं फार मंदावतं. अशा कपाटात वीस वर्षं काढलेली चकती वीस वर्षांची असेलही, मुरलेली असेलच असं नाही.

म्हणून अख्खी चकती घेण्याआधी पाच-दहा ग्रॅमचा नमुना मागा. उकळत्या पाण्याने पानं एकदा धुऊन ते पाणी टाका, मग दूध-साखरेविना त्याच पानांचे सहा-सात अर्क काढा. मुरलेला पू-अर चौथ्या-पाचव्या अर्कालाही गोडसर राहतो. नुसता जुना असेल, तर तोवर त्याच्याजवळ सांगण्यासारखं फक्त वय उरतं.