साक्षगंध : मागणीची भाषा आणि स्त्रीचे कर्तेपण

लग्न ठरल्याच्या विधीला पश्चिम महाराष्ट्रात ‘साखरपुडा’ म्हणतात. समुद्रपूर-हिंगणघाट परिसरात, किंबहुना विदर्भात सर्वत्र, त्यालाच ‘साक्षगंध’ म्हणतात. पहिला शब्द देवघेवीच्या वस्तूवर बोट ठेवतो, दुसरा साक्षीवर. गंध मुलीला लागते. साक्ष मात्र इतरांची असते. विवाहविषयक मराठी साहित्याच्या वाचनात या भेदाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

‘मागणी घालणे’ या वाक्प्रचारात कर्तेपण वरपक्षाकडे आहे. देज घेणाऱ्या समाजांत तो शब्दशः खरा होता. मध्य प्रांतातील गोंडांमध्ये देज न परवडणारा तरुण ‘लमसेना’ होऊन भावी सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबत असे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात या प्रथेची नोंद आहे. हुंड्याच्या चालीने दिशा उलटली. वधूपिता जोडे झिजवू लागला, वाक्प्रचार मात्र टिकून राहिला. वधूपित्याची याचना अशी भाषेनेच झाकली गेली.

तथापि देजाच्या प्रथेत स्त्रीस्वातंत्र्य शोधणे भाबडेपणाचे ठरेल. देज असो वा हुंडा, ‘मुलगी’ हे त्या वाक्यातील कर्मच राहते : मुलगी दाखवतात, देतात, करतात. ‘त्याने लग्न केले’ आणि ‘तिचे लग्न झाले’ या नित्याच्या प्रयोगांत हीच सत्ताव्यवस्था व्याकरण होऊन बसली आहे.

देवलांच्या ‘संगीत शारदा’चा (१८९९) पुनर्विचार येथे उपयुक्त ठरतो. जरठकुमारी विवाह आणि कन्याविक्रय यांवरील तो प्रखर हल्ला आहे, यात शंका नाही. परंतु भुजंगनाथाशी ठरलेला विवाह मोडतो तो सगोत्रतेच्या मुद्द्यावर, शारदेच्या नकारावर नव्हे. अन्यायाचे निवारणही शास्त्राच्याच साक्षीने होते. याउलट बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याआधीच, १८८२ मध्ये, ‘स्त्रीपुरुष तुलना’त साक्षीदारांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये (१९३३) शिकलेल्या अविवाहित मुलींचे मन प्रथमच स्वतःच्या बाजूने बोलू लागते. मागणीच्या विधीत जिला शब्द नव्हता, तिला कथेत आवाज मिळाला.

अँडीज पर्वतातील केचुआ समाजातही वरपक्ष मुलीच्या घरी रीतसर मागणीला जातो. त्यांच्याकडील विवाहपूर्व सहजीवनाला ‘सिर्विनाकुय’ हे नाव आहे. सेवा या अर्थाच्या स्पॅनिश धातूला केचुआ भाषेतील परस्परतेचा प्रत्यय लागून ते बनले आहे. लमसेनेची सेवा एकतर्फी आणि सासऱ्यासाठी. येथे निदान शब्दात तरी ती परस्परांची आहे. शब्दातील समता व्यवहारात उतरतेच असे नाही, परंतु भाषेने ती शक्यता नोंदवून ठेवली आहे.

स्त्रीवादी समीक्षेने म्हणूनच केवळ नायिकेचे दुःख मोजून थांबू नये. तिचा होकार कोणत्या क्रियापदाने व्यक्त होतो, आणि तो कोणाच्या साक्षीने ग्राह्य धरला जातो, हे तपासले पाहिजे. मौन हीच संमती मानणाऱ्या विधीचा अन्वयार्थ लावताना समीक्षाही तेच गृहीत धरू लागली, तर साक्षगंधातील साक्षीदारांत आणखी एकाची भर पडेल, एवढेच.