वाऱ्याचं शून्य कुठून आणायचं?

ध्रुवीय प्रदेशातल्या उच्च वातावरणावरचा शोधनिबंध उघडलात, की बहुतेकदा बाणांनी भरलेला नकाशा दिसतो. साधारण २४० किलोमीटर उंचीवर वारा कुठे, किती वेगाने वाहतोय ते हे बाण सांगतात. माझा आक्षेप बाणांवर नाही, त्यांच्या मुळाशी असलेल्या शून्यावर आहे.

आधी मोजणी समजून घेऊ. एवढ्या उंचीवर फुगे पोचत नाहीत. पण तिथले ऑक्सिजनचे अणू ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश देतात. वाऱ्याबरोबर ते आपल्याकडे येत असतील तर तरंगलांबी किंचित घटते, दूर जात असतील तर वाढते. फॅब्री-पेरो इंटरफेरोमीटर हा डॉप्लर बदल पकडतो. सेकंदाला १०० मीटर वाऱ्यासाठी बदल केवढा? फक्त ०.०००२ नॅनोमीटर!

पण बदल कशाच्या तुलनेत? वारा नसतानाची हीच रेषा देणारा दिवा प्रयोगशाळेत सहज मिळत नाही. उत्तेजित अणूला हा प्रकाश द्यायला सरासरी दोनेक मिनिटं लागतात. दाट हवेत त्याआधीच त्याची टक्कर होते. म्हणून उपकरण सरळ डोक्यावर रोखतात, रात्रभराची सरासरी काढतात आणि म्हणतात, उभा वारा सरासरीने शून्य असतो, तेव्हा हेच आपलं शून्य.

शांत रात्री हे चालून जातं. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात मात्र हवा तापून वर उसळते. तिथे सेकंदाला १०० मीटरहून जास्त वेगाचे उभे वारे नोंदले गेलेत. समजा शून्य २० मीटरने चुकलं. मग ४५ अंशांत तिरकं बघताना आडव्या वाऱ्यात सुमारे २८ मीटरची चूक शिरते. उत्तरेला आणि दक्षिणेला ती उलट दिशांची असते, म्हणून सरासरीत लपते. पण नकाशात हवा माथ्यावरून बाहेर पसरतेय किंवा आत गोळा होतेय, असं खोटं चित्र उमटतं.

अलास्कात पोकर फ्लॅट आणि गाकोनाहून आकाशाचा एकच तुकडा दोन बाजूंनी बघतात. त्यामुळे ‘वारा सगळीकडे सारखा’ हे गृहीतक सैल करता येतं. शून्याचा प्रश्न मात्र उरतोच.

हा नुसता काथ्याकूट नाही. उभे वारे खालची जड हवा वर आणतात, आणि खालून फिरणाऱ्या उपग्रहांना किती अडथळा होणार हे त्या हवेच्या घनतेवर ठरतं. म्हणून पुढच्या वेळी असा नकाशा दिसला, की बाण मोजण्याआधी पद्धतीच्या भागात शून्य कसं ठरवलं ते शोधा. तिथे एकच ओळ असेल, तर प्रश्न विचारायला हरकत नाही.