ब्रॉडबाल्कचा दाखला देताय? आधी हे बघा

पिकांची फेरपालट आणि सेंद्रिय खतं यांवर सिनॉप्सिस लिहायला घेतला, की पहिल्या पानावर ब्रॉडबाल्क येतोच. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचा हा गव्हाचा प्रयोग १८४३ पासून चालू आहे. मीही लिहिलं होतं, 'फेरपालट व शेणखतामुळे उत्पादन व जमिनीचे आरोग्य सुधारते, हे ब्रॉडबाल्कवरून सिद्ध झाले आहे.' मार्गदर्शकांनी समासात दोनच शब्द लिहिले: कशाच्या तुलनेत?

मग मी आकडे नीट वाचले. तुम्हीही वाचा.

तिथे शेणखत पडतं दरवर्षी हेक्टरी ३५ टन, म्हणजे सुमारे २४० किलो नत्र. आपल्याकडे कोरडवाहू पिकाला ५ टनांची शिफारस असते आणि तेवढंही मिळताना मारामार. शेणखताच्या प्लॉटमधला सेंद्रिय कर्ब रासायनिक खताच्या प्लॉटच्या दुपटीहून जास्त आहे, हे खरं. पण पहिली शंभरेक वर्षं दोन्हीकडचं उत्पादन साधारण सारखंच होतं. शिवाय शेणखताच्या प्लॉटमधून नायट्रेटचा निचराही जास्त होतो. म्हणजे 'उत्पादन' आणि 'जमिनीचं आरोग्य' हे दोन वेगळे दावे झाले. एका वाक्यात बांधू नका.

फेरपालटीचंही तसंच. १९६८ नंतर काही भागात दोन वर्षांच्या खंडानंतर गहू घेतला गेला. सलग गव्हापेक्षा तो हेक्टरी २ टनांहूनही जास्त येऊ शकतो. मुख्य कारण? 'टेक-ऑल' हा मुळांचा बुरशीजन्य रोग कमी होतो. तुमच्या सोयाबीन-हरभऱ्यात कारण वेगळं असेल, तर ते तुम्हालाच दाखवावं लागेल.

आणि मांडणी? मूळ प्लॉटना रेप्लिकेशन नाही, रॅंडमायझेशन नाही. फिशर रोथॅमस्टेडला आले १९१९ मध्ये!

मग प्रयोग टाकाऊ का? अजिबात नाही. सेंद्रिय कर्ब किती सावकाश बदलतो, हे इतकी वर्षं मोजल्याशिवाय कळलंच नसतं. आपल्या दोन-तीन हंगामांच्या प्रबंधात ते दिसणार नाही, आणि 'फरक आढळला नाही' याचा अर्थ 'फायदा नाही' असाही होत नाही.

तेव्हा दाखला द्या, पण सोबत किती टन, किती वर्षं आणि कशाच्या तुलनेत, हेही लिहा. उद्या हेच वाक्य शिफारशीत जातं आणि त्यावर विसंबून कुणीतरी पदरचे पैसे घालून शेणखताची ट्रॉली आणतो.