गंजाडची वाट कोण शिकवणार?

गेल्या हिवाळ्यात मुंबईतल्या एका दालनात मी एका निवेदनासमोर बराच वेळ उभा होतो. चार-साडेचारशे शब्दांचं इंग्रजी निवेदन, भिंतीवर छापलेलं. प्रदर्शन एका तरुण क्युरेटरचं होतं. त्याला फेलोशिप होती आणि पाठीशी दोन जाणते मेंटॉर होते. निवेदनात स्मृती, शरीर, भूमी, विस्थापन, प्रतिकार असं सगळं आलं होतं. शेजारच्या भिंतीवर मराठवाड्यातल्या एका मुलाची शाईची रेखाटनं होती. विहीर खणणारी माणसं, यारी, दोरखंड, सुरुंगाची भोकं. मुलाचे आईवडील रात्रीच्या गाडीने आले होते. वडिलांनी विचारलं, "इथं काय लिहिलंय?" मी मराठीत सांगायला लागलो आणि तिसऱ्या वाक्याला अडलो. इंग्रजी मला अवघड नव्हतं. त्या वाक्यांमध्ये त्यांच्या मुलाच्या चित्रांबद्दल काहीच नव्हतं, म्हणून मी अडलो. मग ते स्वतःच चित्रं बघत गेले आणि म्हणाले, "क्रम चुकलाय. आधी सुरुंग, मग गाळ, मग पाणी. इथं पाणी पहिलंच लावलंय." चित्रं आकारमानाप्रमाणे लावली होती.

त्या क्युरेटरवर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं होतं तेच त्याने केलं. माझं भांडण शिकवण्याशी आहे.

गेल्या दीड दशकात आपल्याकडे क्युरेटर घडवणं हे स्वतंत्र काम झालं. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा पदविका अभ्यासक्रम आहे, त्यातून कलेतिहासाची पक्की बैठक मिळते. दिल्लीच्या खोज या संस्थेने गोएथे इन्स्टिट्यूटबरोबर २०१८पासून दक्षिण आशियाई क्युरेटरांसाठी सघन कार्यशाळा चालवली, तिच्यातून ओळखी होतात आणि त्या उपयोगी पडतात. न्यूयॉर्कजवळच्या बार्ड कॉलेजहून किंवा लंडनहून शिकून येणाऱ्यांची वाक्यं नीटस असतात. आर्ट फेअरच्या गाळ्याला 'क्युरेटेड' म्हणण्याची जी पद्धत पडली आहे तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. या सगळ्यांत मिळून मला एक गोष्ट कुठेच सापडत नाही. माणूस वस्तूपर्यंत चालत जातो, तिच्या सोबत राहतो, आणि मग तिच्याबद्दल निर्णय घेतो, ही गोष्ट.

भास्कर कुलकर्णी हे नाव मी तरुण क्युरेटरांपुढे मुद्दाम उच्चारतो. बहुतेकांनी ते ऐकलेलं नसतं. जे. जे.मध्ये शिकलेले हे चित्रकार. १९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळात हस्तकलांच्या क्षेत्रातल्या पुपुल जयकरांनी त्यांना हातकागद देऊन मधुबनीला धाडलं. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांनी ती कागदावर काढावीत, म्हणजे ती विकली जातील आणि घरात दाणा येईल, एवढाच हेतू. कुलकर्णी गावोगाव फिरले, अंगणात बसले. कुणाचा हात कसा चालतो हे ओळखत गेले. गंगादेवी, सीतादेवी ही नावं आपल्याला आज माहीत आहेत, त्यामागे ही पायपीट आहे. पुढे सत्तरच्या दशकात ते डहाणूकडे आले, वारल्यांच्या पाड्यांवर राहिले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं शहरापर्यंत आली. म्हसे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८मध्ये ते गेले. तोवर वारली चित्र साडीवर, कपबशीवर, सरकारी इमारतींच्या कुंपणावर पोचलं होतं.

या घटनेची दुसरी बाजूही शिकवायला हवी, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची आहे. वारल्यांच्या लग्नात चौक लिहायचा तो सवाशिणींनी. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, बांबूची काडी, चौकात पालघाट देवी, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांशिवाय ते पुरं होत नसे. कागद आला तसा तो हात बदलला. विक्रीच्या, प्रवासाच्या, प्रदर्शनाच्या चित्रांवर पुरुषांची नावं आली आणि ज्यांच्याकडून ही कला आली त्या बायका मागे राहिल्या. हे कुणी वाईट हेतूने केलं नाही. भिंतीऐवजी कागद, विधीऐवजी बाजार, असे दोन निर्णय झाले आणि एका समाजातली कलेची वाटणी बदलली. क्युरेटर काय करू शकतो, त्याच्या हातात केवढी ताकद असते आणि तिचा भार किती, हे समजायला याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. तो कुठल्याही परदेशी संकलनात मिळायचा नाही. तो तलासरी-डहाणूच्या एसटीत मिळेल.

दुसरा धडा भोपाळचा. १९८२मध्ये भारत भवन उघडलं तेव्हा चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी तिथलं रूपंकर हे कलासंग्रहालय उभं करताना काय केलं? तरुण चित्रकारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या तुकड्या मध्य प्रदेशच्या गावांत पाठवल्या. बघा, विचारा, आणा. पाटणगढच्या एका भिंतीवरचं चित्र बघून ही मुलं थबकली आणि ते काढणारा गोंड तरुण जनगढसिंह श्याम भोपाळला आला. मग स्वामीनाथन यांनी आदिवासी कलावंतांची आणि शहरी आधुनिकांची कामं एकाच छताखाली, एकाच मानाने मांडली. आज आपण ज्याला क्युरेटरचं प्रशिक्षण म्हणतो ते भोपाळला त्या मुलांना पूर्ण मिळालं. शोध, निवड, नोंद, वाहतूक, मांडणी, आणि कलावंताशी आयुष्यभराचं नातं. जनगढचा पुढचा प्रवास जपानमधल्या एका खोलीत २००१मध्ये आत्महत्येने संपला, तोही या धड्यातलाच भाग आहे. आपण ज्याला उजेडात आणतो त्याच्याशी आपली बांधिलकी उद्घाटनानंतर किती दिवस टिकते, हा प्रश्न तिथून सुटत नाही.

भारतीय क्युरेटिंगचे टप्पे आठवा. १९८१चं 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन, गीता कपूर यांचा त्यावरचा निबंध, २००१मध्ये टेट मॉडर्नच्या 'सेंच्युरी सिटी'मधला त्यांनी आशिष राजाध्यक्षांबरोबर उभा केलेला मुंबईचा विभाग. २०११मध्ये व्हेनिस बिएनालेत भारताचं पहिलं राष्ट्रीय दालन रणजित होस्कोटे यांनी केलं. कपूर समीक्षेतून आल्या, होस्कोटे कवितेतून आणि समीक्षेतून. कोचीचं बिएनाले बघा. २०१२मध्ये ते सुरू केलं बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन चित्रकारांनी. त्यानंतर जितीश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अनिता दुबे, शुबिगी राव. सहाव्या आवृत्तीची सूत्रं निखिल चोप्रा आणि गोव्याच्या एचएच आर्ट स्पेसेसकडे गेली. सगळे कलावंत. देशातलं सर्वांत मोठं समकालीन प्रदर्शन दर वेळी कलावंताच्या हाती दिलं जातं. प्रशिक्षित क्युरेटरांनी याचा विचार करावा, आणि त्यांना प्रशिक्षण देणाऱ्यांनी त्याहून अधिक.

कोचीच्या स्टुडंट्स बिएनालेबद्दल मला मनापासून आस्था आहे. २०१४पासून तरुण क्युरेटरांना देशभरातल्या सरकारी कलामहाविद्यालयांत पाठवायचं, तिथल्या मुलांची कामं शोधायची आणि मट्टनचेरीच्या गोदामांत ती मांडायची. दिशा अगदी बरोबर. अडचण काळाची आहे. महानगरातला तरुण येतो, काही दिवस राहतो, निवडतो, जातो. दोन वर्षांनी दुसरा येतो. महाविद्यालयात त्याच्या मागे काहीच उरत नाही. ना एखादा शिक्षक जो प्रदर्शन लावायला शिकला, ना एखादी वही ज्यात कामांची नोंद आहे.

आणि कोचीचाच २०२२चा अनुभव. उद्घाटनाच्या तोंडावर बिएनाले दहा-बारा दिवसांनी पुढे ढकलावं लागलं. कामं वेळेवर पोचली नव्हती, पाऊस आत येत होता, विजेची बोंब होती. पन्नासहून अधिक कलावंतांनी जाहीर पत्र लिहून कारभारावर बोट ठेवलं. त्या पत्रातला जवळपास प्रत्येक मुद्दा साधा आहे. पेटी कुठे अडकली, पैसे कधी मिळणार, भिंत कधी कोरडी होणार, जबाबदार कोण. कस्टमचा कागद कसा भरतात, विम्यात काय लिहितात, ओलीमुळे कागदी काम किती दिवसांत फुगतं, छतातून गळतं तेव्हा रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं, हे शिकवणारा मेंटॉर कुठे आहे? कॉन्सेप्ट नोट सुधारून देणारे मेंटॉर मी पुष्कळ पाहिले. शिडीवर चढलेले मोजके.

मुंबईतलं एकच उदाहरण मला या सगळ्यात प्रकाशासारखं वाटतं. २०१०मध्ये कुलाब्यात, रीगलच्या जवळ, क्लार्क हाउस सुरू झालं. जुन्या कचेरीच्या खोल्या, मोडकी फरशी. तिथे क्युरेटर आणि कलावंत एकत्र राबत. चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या गावातून आलेल्या प्रभाकर पाचपुतेचं पहिलं एकल प्रदर्शन २०१२मध्ये तिथे झालं, आणि त्याने कोळशाने थेट भिंतींवर काढलं. रचना संसदमध्ये शिकलेला, आजोबांचे पोवाडे आणि वडिलांची नाटकं पाठीशी असलेला अमोल पाटील तिथलाच. २०२२मध्ये तो कासेलच्या डॉक्युमेंटा या प्रदर्शनात होता. क्लार्क हाउसच्या संस्थापकांपैकी झाशा कोलाह यांनी २०२५चं बर्लिन बिएनाले क्युरेट केलं. त्या खोल्यांत कुणी कुणाला प्रमाणपत्र दिलं नाही. चित्रकाराच्या गावाला क्युरेटरने जायचं आणि क्युरेटरच्या लिखाणावर चित्रकाराने वाद घालायचा, अशी रीत होती. त्याच डॉक्युमेंटाची धुरा ज्यांच्याकडे होती त्या जकार्ताच्या रुआंगरुपा या कलावंतगटाने आपल्या शहरात गुडस्कुल ही शाळा काढली तीही याच विश्वासावर, की एकत्र राहणं हाच अभ्यासक्रम.

आता जो आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो त्याच्याकडे येतो. म्हणतात, पायपीट ज्यांना परवडते त्यांनी करावी. जुन्या पिढीला घरचा आधार होता, ओळखी होत्या. आज बुलढाण्याच्या किंवा रत्नागिरीच्या मुलीला या क्षेत्रात शिरायचं तर फेलोशिप हा एकच उघडा दरवाजा आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मला चीड येते. कारण तो दरवाजा तिच्यासाठी उघडा नाहीच. अर्ज इंग्रजीत. नमुन्यादाखल लिखाण इंग्रजीत. मुलाखत इंग्रजीत, स्क्रीनवर. मानधन असं की मुंबईत भाड्याची खोली घेऊन राहणाऱ्याला सहा महिने काढता येऊ नयेत. निवड होते ती ज्याला मुळात दरवाजाची गरज नव्हती त्याची. मग त्याच्या निवेदनात 'परीघ' हा शब्द येतो, आणि परिघावरचा माणूस दालनात उभा राहून माझ्यासारख्याला विचारतो, इथं काय लिहिलंय.

भाषेला मी दुय्यम मानायला तयार नाही. मराठीत चित्रांवर लिहिण्याची परंपरा आहे. ज्ञानेश्वर नाडकर्णी वर्तमानपत्रात आठवड्यामागून आठवडे चित्रांवर लिहीत. चित्रकार प्रभाकर बरव्यांनी 'कोरा कॅनव्हास' मराठीत लिहिलं. महाराष्ट्रात काम करू पाहणाऱ्या क्युरेटरला हे लिखाण वाचून दाखवायला लावा. ज्या निवेदनाचं मराठी होत नाही ते निवेदन परत पाठवा. ही अट जाचक नाही. चित्रकार सुधीर पटवर्धनांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन कलेचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं तेव्हा त्यांना हे करावंच लागलं. महानगराच्या दालनांत राहणारी कामं त्यांनी अशा गावांत नेली जिथे समोरचा माणूस सरळ विचारतो, याला चित्र का म्हणायचं. त्या प्रश्नाला तोंड देणं हेच क्युरेटरचं शिक्षण. आज एकाही मेंटॉरशिपच्या कार्यक्रमात असा एक दिवस ठेवलेला मी पाहिलेला नाही.

जागांचा प्रश्न तर कुणी काढतच नाही. क्युरेटर घडवून त्याला उभं कुठे करणार? आपल्या सरकारी संग्रहालयांत 'अभिरक्षक' हे पद आहे. रक्षण करणारा, असा त्याचा स्वच्छ अर्थ. समकालीन कलेसाठी ते पद निर्माण करावं असं शासनाला वाटत नाही. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई केंद्रात स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती असे, प्रदर्शनं ठरवण्यात तिचा वाटा असे. २०१९च्या फेब्रुवारीत, बरव्यांच्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनात, ती समिती मोडीत निघाल्याबद्दल अमोल पालेकर बोलू लागले तेव्हा त्यांना मध्येच थांबवण्यात आलं. सभागृहात किती तरुण क्युरेटर होते मला माहीत नाही. पण समिती जाते आणि निर्णय दूर जातो तेव्हा आपलं काम कसं बदलतं, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं का?

म्हणून माझी मागणी छोटी आणि ठाम आहे. नागपूरला सरकारी कलामहाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे. मी पाहिलेल्या अशा संस्थांत वार्षिक प्रदर्शन उरकलं की हॉलच्या भिंती महिनोन्‌महिने रिकाम्या असतात. तो हॉल एका तरुण क्युरेटरला वर्षभर द्या. जगण्याइतका पगार द्या. तीन प्रदर्शनं, आणि तिन्हींचं मराठी निवेदन. मेंटॉर म्हणून एक कलेतिहासकार द्या आणि एक फ्रेम बांधणारा कारागीर, दोघांना सारखं मानधन. लोक म्हणतील, असा क्युरेटर बर्लिनला कसा पोचणार? कुलाब्याच्या मोडक्या फरशीवरून पोचता येतं, हे दिसलं आहे.

आणि पुढच्या वेळी अर्ज मागवाल तेव्हा कॉन्सेप्ट नोटचा रकाना काढून टाका. त्याऐवजी विचारा: गेल्या वर्षात तू कुणाकुणाच्या घरी, कार्यशाळेत, पाड्यावर गेलास? काय बघितलंस, ते कुणी दाखवलं? आणि त्यांतल्या किती जणांकडे दुसऱ्यांदा गेलास?